आधी कागद, मग दुपटी

कर्नाटकातल्या खानापूरच्या ताईंनी बाळंतपणाच्या पिशवीत बाळाचे कपडे किती घ्यायचे ते विचारलंय, पण मी म्हणेन आधी कागद बघा. तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं तपासण्यांच्या नोंदींचं सरकारी कार्ड), आधार, बँक पासबुक, रक्तगटाचा आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, सगळ्यात वर. झेरॉक्स जास्तच काढा. रात्री अडीचला दवाखान्यासमोर झेरॉक्सवाला कुठला उघडा असायला! बाळाला नवीन फ्रॉक नकोतच. आजीचं जुनं सुती लुगडं फाडून, उकळून, कडक उन्हात वाळवलेली दुपटी भरपूर घ्या. टोपडं, पायमोजे. तुम्हाला पुढून बटणांचे गाऊन, मोठे पॅड. जन्मनोंदीचा अर्ज कन्नडात भरत असतील तर आधार समोर ठेवूनच आईबापांची नावं लिहून घ्या, नाहीतर दुरुस्तीला हेलपाटे. 36वा आठवडा लागला की पिशवी दाराजवळ ठेवायची, कपाटात नको.