सेटिंग बुकं नक्की कुणासाठी छापतात?

हळदपेठ (सांगली):
रविवारच्या सेशनला हे भांडण अर्धं राहिलं, म्हणून इथं मांडतोय. विश्रामबागला आम्ही पाच जण डी अँड डी खेळतो, म्हणजे फासे टाकून काल्पनिक जगातली गोष्ट मिळून रचायचा खेळ. सेटिंग बुक म्हणजे त्या जगाची माहिती देणारं पुस्तक. 2022 मध्ये स्पेलजॅमर, म्हणजे अवकाशात उडणाऱ्या जहाजांचं जग, नव्यानं आलं तेव्हा वर्गणी काढून मागवलं. छापील किंमत 70 डॉलर, आपल्याकडं येईपर्यंत किती पडली ते विचारू नका, बायको इथं वाचते. खोक्यात तीन पुस्तकं, प्रत्येकी 64 पानं. एक राक्षसांचं, एक साहसाचं, आणि जग समजावून सांगायचं म्हणून उरलेलं एक. जहाजांचे नकाशे देखणे, त्यात वाद नाही. पण दोन जहाजं समोरासमोर आली की काय करायचं? पानं उलटून उलटून थकलो. शेवटी मीच म्हटलं, जवळ न्या आणि उड्या मारा पलीकडच्या डेकवर.

माझं म्हणणं एवढंच: जग विकायचं तर पुरतं विका. 1987 ची फरगॉटन रिल्म्स या जगाची राखाडी पेटी बघा, दोन पुस्तकं आणि टेबल झाकून टाकणारे नकाशे. आता प्रत्येक जगाची चव दाखवतात आणि पुढच्याकडं पळतात. एक जग धरावं, तीन वर्षं त्यावरच काम करावं.

पोवईनाका (सातारा):
तीन वर्षं एकच जग धरलं तर ज्याला ते आवडत नाही त्यानं काय करायचं? आणि पुरतं विकायचा प्रयोग झालाय की. तेव्हा डी अँड डी छापणाऱ्या टीएसआर कंपनीनं 1989 ला स्पेलजॅमर काढलं, 1990 ला रेव्हनलॉफ्टची पेटी, 91 ला डार्क सन, 92 ला अल-कादिम, 94 ला प्लेनस्केप, 95 ला बर्थराइट, सगळी वेगवेगळी जगं. प्रत्येकाच्या मागं पुरवण्यांची रांग. डार्क सनवाला रेव्हनलॉफ्टचं पुस्तक घेईना, रेव्हनलॉफ्टवाला बर्थराइटकडं बघेना. आपलंच गिऱ्हाईक आपणच सहा ठिकाणी वाटलं. 1997 मध्ये कंपनी विझर्ड्स या दुसऱ्या कंपनीच्या हातात गेली. आता ते बिचकून चालतात, तर तुम्ही म्हणताय चव दाखवतात!

मिरजेची तार:
पोवईनाका, ही गोष्ट सगळे सांगतात आणि अर्धीच सांगतात. टीएसआरचा माल दुकानांपर्यंत पोचवणारं रँडम हाउस न खपलेला माल परत पाठवू शकत होतं, आणि तो ढिगानं परत आला. त्यात ड्रॅगन डाइस या खेळाचे फासे होते, पुठ्ठा बांधणीच्या कादंबऱ्या होत्या. आधीच पैसे उचललेले, गोदाम भरलेलं, छापखान्याची देणी थकलेली. जगं जास्त झाली हे खरं, पण कंपनी बुडाली ती हिशेबानं. सगळं खापर प्लेनस्केपवर फोडू नका, माझं आवडतं आहे.

खरा मुद्दा वेगळाच आहे. तुमच्या पाच जणांत सेटिंग बुक उघडतो कोण? डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. बाकी चौघं वर्गणी देतात आणि भडंग खातात. म्हणजे पाचातलं एकच गिऱ्हाईक. बाकी चौघांनीही घ्यावं म्हणून त्यात पात्रांसाठी नवीन वंश, नवीन सबक्लास (पेशाचे उपप्रकार), नवीन मंत्र घालायचे. पानं मोजकीच, मग जगाची पानं कापली जातात. तुमच्या जहाजांचे नियम तिथंच गेले असणार, हा माझा अंदाज. 2025 च्या नोव्हेंबरात रिल्म्सची दोन वेगळी पुस्तकं काढली, खेळाडूंचं वेगळं आणि डीएमचं वेगळं. मला हे जास्त सरळ वाटतं.

हळदपेठ:
दोन वेगळी म्हणजे दोनदा पैसे, ताई. आणि हेही नवीन नाही. खेळाच्या चौथ्या आवृत्तीत वर्षाला एक जग घेतलं होतं: 2008 रिल्म्स, 2009 एबेरॉन, 2010 डार्क सन. पहिल्या दोघांना डीएमचं एक, खेळाडूंचं एक. नियोजन झकास. पण रिल्म्सचा काळ जवळपास शंभर वर्षं पुढं ढकलला, स्पेलप्लेग नावाचं जादूचं संकट आणून अर्धा नकाशा उलटापालटा केला. ज्यांनी वीस वर्षं त्या नकाशावर खेळ मांडला ते चिडणार नाहीत तर काय? आमच्या गणपती मंदिराच्या जागी उद्या तळं दाखवलं तर मी तरी ऐकून घेईन का?

भडंगवाला:
एवढा कीस कशाला पाडताय. मी पुस्तक न घेता जग चालवलंय, ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या टेबलावर एक नदीकाठचं शहर ठेवलं. नाव काल्पनिक. पुलाच्या खांबावर फुटांचे आकडे. रोज रात्री एक सहा बाजूंचा फासा टाकायचा, पडेल तेवढे फूट पाणी चढतं. सुरुवात 25 पासून. बाकी काही सांगितलं नाही. पाणी 38 ला आलं आणि टेबल गप्प झालं. आमचा चोर व्यापाऱ्याशी मोत्यांचा भाव करत होता, तो मध्येच थांबून विचारतो, "याच्या घराला वरचा मजला आहे का?" 40 ला कुणी न सांगता सगळ्यांनी सामान उचललं.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 40 फुटांवर इशारा आणि 45 वर धोका, हे सांगलीतल्या पोराला पुस्तकातनं शिकवावं लागत नाही. 2019 चा ऑगस्ट आम्ही जगलोय. 300 पानांचं पुस्तक हा परिणाम देईल का? नाद करायचा नाही.

पोवईनाका:
त्या सेशनला मी पाहुणा होतो, आठवतंय का? मी साताऱ्याचा. आमच्याकडं पाणी डोंगरावरून खाली जातं, घरात येत नाही. 38 म्हटल्यावर सगळे गप्प का झाले ते मला कळेना. मी वाड्यात शिरून तिजोरी फोडत बसलो आणि पात्र बुडालं. चौथ्या लेव्हलचा पॅलाडिन (धर्मयोद्धा) होता. कुणीतरी आधी अर्धं पान हातात दिलं असतं तर वाचला असता.

मिरजेची तार:
म्हणजे तुला सेटिंग बुक हवंच आहे की! वर तर त्याच्या विरुद्ध लिहिलंस.

पोवईनाका:
अर्धं पान म्हटलं, 300 नाही.

मिरजेची तार:
पण ते अर्धं पान कोणतं हे ठरवणं हेच तर काम आहे. भडंगवाल्याच्या शहराचा हजार वर्षांचा राजवंश लिहिला असता तरी पॅलाडिन बुडालाच असता. फुटांचे आकडे आणि "40 ला सामान उचला" एवढं लिहिलं असतं तर पुरलं असतं. मी घेतलेल्या बहुतेक सेटिंग बुकांत राजवंश मुबलक आणि फुटांचे आकडे नाहीत. कारण उघड आहे, ती वाचायला विकली जातात. रात्री अंथरुणात पडून वाचायला राजवंश छान वाटतो. मलाही वाटतो, खोटं कशाला बोलू. माझ्याकडची निम्मी पुस्तकं टेबलावर कधी आलीच नाहीत.

हळदपेठ:
हे मात्र लागलं. माझीही तीच गत.

पण मग लहान प्रकाशकांनी ही जागा घ्यावी. 2023 च्या जानेवारीत खेळाचे नियम इतरांनी वापरायच्या लायसन्सवरून एवढा गदारोळ झाला, शेवटी विझर्ड्सनी मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये मोकळे केले. कुणीही त्यावर छापू शकतं. मराठीत का नको? साताऱ्याचं प्रतिसरकार घ्या. 1943, तुफान सेना, शेणोलीला पगाराची गाडी लुटली, कुंडल मुख्य ठिकाण.

पोवईनाका:
साताऱ्याचं म्हणालात, धन्यवाद. सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच.

भडंगवाला:
झालं सुरू.

मिरजेची तार:
दोघंही थांबा. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं. आणि टेबलावर कामाला येणारी गोष्ट तीच आहे. ओढ्याच्या अलीकडं इंग्रजी मुलूख, पलीकडं संस्थान. हद्द ओलांडली की अंमल बदलतो. पाठलाग चालू असताना खेळाडूंना फक्त एवढंच माहीत हवं की हद्द कुठं आहे. हा झाला तुमचा फुटांचा आकडा. पण खरी माणसं, ज्यांची नातवंडं आज गावात आहेत, त्यांना पात्र करून फासे टाकायला मी बसणार नाही. गाव काल्पनिक ठेवा.

हळदपेठ:
काल्पनिक ठेवलं तर वजन राहत नाही ना.

मिरजेची तार:
भडंगवाल्याचं शहर काल्पनिकच होतं. वजन कमी पडलं का?

पोवईनाका:
एबेरॉनचं सांगतो. 2002 ला विझर्ड्सनी नवीन जग मागवलं तेव्हा सुमारे 11,000 प्रस्ताव आले, आणि पहिल्या फेरीला मागितलं होतं एक पान. त्यातनं कीथ बेकरचं निवडलं, 2004 ला पुस्तक आलं. हळदपेठ, तुम्हीही आधी एक पान लिहा. तीन वर्षांचं नियोजन मग बघू.

हळदपेठ:
लिहितो. हद्द ओढ्यावर ठेवू की रेल्वे रुळावर?

भडंगवाला:
ओढ्यावर. पाणी चढलं की हद्द ओलांडता येत नाही.

हळदपेठ:
हे भारी आहे. बरं, रिल्म्सचं ते डीएमचं नवं पुस्तक मागवायचं का? वर्गणी काढू?

पोवईनाका:
माझे धरू नका.

मिरजेची तार:
माझे धरा. अंथरुणात वाचायला.