वसंतातली पक्षीनिरीक्षणाची सकाळ: आधी झाडी की आधी तळं?

रानवाट: वसंतात आम्ही पाच जण एका निसर्ग उद्यानात पक्षी बघायला जाणार आहोत. तळं, काठाचं गवत आणि जुनी झाडी, तिन्ही आहे. वेळ मात्र एकाच सकाळचा. दोघे अगदी नवखे. सुरुवात कुठून करावी? दुर्बीण ८×४२ बरी की १०×४२?

पाणकाठ: आधी झाडी. विणीच्या दिवसांत नर सगळ्यात जोरात गातात ते झुंजुमुंजू असताना. ऊन चढलं की गाणं ओसरतं. उजाडण्याआधी अर्धा तास पोचा, पण फाटक किती वाजता उघडतं आणि विणीसाठी कुठल्या वाटा बंद आहेत, हे आधी विचारून ठेवा. झाडीच्या आत घुसण्यापेक्षा तिच्या कडेने चाला. तासाला एक किलोमीटर पुरे. मध्ये मध्ये दहा मिनिटं नुसतं उभं राहा, दबलेले पक्षी तेव्हाच बाहेर येतात.

तळ्यावर मग जा, पण फार उशीर नको. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचं बदक कितीही भारी दुर्बिणीतून धूसरच दिसतं. पूर्वेच्या काठावर उभे राहा, म्हणजे सूर्य पाठीशी राहील. समोर असला तर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात, रंग कळत नाहीत.

तारीख पालवी दाट होण्याआधीची धरा. जमलं तर एक दिवस राखीव ठेवा: रात्री उडणाऱ्या पक्ष्यांच्या पाठीमागून वारा आणि पहाटे पाऊस असा योग आला, तर वाटेवरचे स्थलांतरित पक्षी खाली उतरतात.

भिंगारी: नवख्यांना ८×४२च. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिमीमधला व्यास. ४२ला ८ने भागलं की ५.२५ मिमी, १०ने भागलं की ४.२, डोळ्यापर्यंत येणारा झोत एवढा रुंद असतो. अंधुक उजेडात हा फरक जाणवतो. शिवाय १०मध्ये हाताची थरथर जास्त दिसते.

दोन वर्तुळं दिसत असतील तर बिजागरी डोळ्यांच्या अंतराइतकी जुळवा. मग उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डावा डोळा स्पष्ट करा, नंतर डावी झाकून उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. चष्मा असेल तर डोळ्यांजवळच्या रबरी कडा खाली करा, नाहीतर दृश्य आक्रसतं. पक्षी सापडत नसेल तर नजर त्याच्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांकडे आणा.

रानवाट: मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावला तर चालेल?

पाणकाठ: कृपया नको. नराला हद्दीत दुसरा नर आल्यासारखं वाटतं आणि खाण्याचा, पिल्लांना भरवण्याचा वेळ तो त्याला हुसकावण्यात घालवतो. चोचीत अळी धरून एखादा पक्षी नुसताच ओरडत असेल, तर घरटं जवळ आहे. तिथून लगेच मागे फिरा.

मर्लिन हे आवाजावरून पक्ष्याचं नाव सुचवणारं ॲप ऐकण्यापुरतं वापरा. त्या भागाच्या पक्ष्यांचा संच आधीच उतरवून घ्या, उद्यानात रेंज नसली तर अडतं. ते जे नाव सुचवेल ते पक्षी बघून किंवा आवाज स्वतः पारखूनच नोंदवा. नकला करणारे पक्षी त्याला सहज फसवतात.