विषय: पिकनिकला मका, पण मेयॉनेझ नको

नमस्कार मंडळी,
शनिवारच्या पिकनिकचं तोंडीलावणं माझ्याकडे आलंय. माणसं वीसेक. इथे न्यू जर्सीत शेतांच्या कडेला मक्याचे ढीग लागलेत, तेव्हा त्याचंच करावं म्हणते. गेल्या वर्षीच्या मेयॉनेझवाल्या सॅलडचं उन्हात काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच. शिवाय एका मुलाला शेंगदाणे चालत नाहीत. ठाण्याच्या काकू, अजून यादीवर आहात ना?
– पिकनिक समिती (म्हणजे मी एकटीच)

---

आहे गं बाई. लेकाकडून परतून दोन वर्षं झाली, तरी तुमच्या मेल वाचतेच. इकडे ठाण्यात पाऊस कोसळतोय, उपवन तलावाकाठी भुट्टेवाल्यांच्या शेगड्या पेटल्यात, आणि तू उन्हातलं विचारतेस!

कोशिंबीर कर. बारा कणसं पुरतील. एका कणसाचे पाऊण कप दाणे धर. मात्र आणायची शनिवारी सकाळी. कणीस खुडलं की त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, तापल्या गाडीत तर आणखी लवकर. हल्लीच्या सुपरस्वीट जाती थोडी कळ काढतात, पण शेतावरचं मिळतंय तर शिळं कशाला? टोकाची साल जराशी सारून दाण्याला नख लाव, दुधासारखा रस आला की घे.

पाणी खळखळलं की कणसं टाक आणि तीन मिनिटांत बाहेर काढ. जांभळी नाक्यावरचं देशी कणीस मी कुकरला लावते, चार शिट्ट्या. तीच सवय तिकडे पहिल्या वर्षी चालवली. सून काही बोलली नाही, नातू म्हणाला, "आजी, हे सूप आहे का?"

गार झाल्यावर सुरीनं दाणे उतरव आणि मग सुरीच्या पाठीनं कणीस खरवड. तो चीक टाकू नकोस, कोशिंबीर त्यानंच मिळून येते. बारीक कांदा, कोथिंबीर, किसलेली कैरी. नसली तर लिंबू. दाण्याच्या कुटाऐवजी ओलं खोबरं, फ्रोझन चालेल. वर जिरं, हिंग, हिरवी मिरची, कढीपत्त्याची फोडणी. एरवी आपण चिमूटभर साखर घालतो. तिकडच्या गोड मक्यात घातलीस तर शिरा होईल. मीठ नि दही मात्र वाढताना. मीठ आधी घातलं की कांद्याला पाणी सुटतं आणि डब्यात तळं साचतं.
– ठाण्याच्या काकू

---

काकू, वाशीहून एक शंका. दही उन्हात ठेवलं तर ते मेयॉनेझचंच भावंड नाही का? आमच्याकडे बिनदह्याची करतात, नुसतं लिंबू. आणि चिमूटभर मिरपूड.
– सुट्टीवर आलेला, सध्या आईच्या हातचं खाणारा

---

अरे, म्हणून तर "वाढताना" म्हटलं. दही आइसबॉक्समध्ये वेगळं न्यायचं. पण तुझंही बरोबर आहे. अर्धी बिनदह्याची ठेव गं, आमच्या ह्यांनाही दही चालत नाही. मिरपुडीचं मात्र मला पटलेलं नाही. आईला विचार, ती घालते की तूच?
– काकू

---

काकू, मीच.
– वाशी

---

काल रात्री दोन कणसांवर करून बघितली. चीक खरवडताना चष्म्यावर उडाला, पण घरात एक दाणा उरला नाही. बारा नव्हे, अठरा कणसं घेते. आइसबॉक्स कोणाचा मोठा आहे? कृपया मलाच उत्तर द्या, सगळ्या यादीला नको.
– समिती