प्रेग्नंट सोल्युशनला मराठीत काय म्हणायचं?

तळटीप
सोन्याच्या खाणींवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय आणि तीन दिवस एकाच शब्दाशी अडलेय. अमेरिकेतल्या साउथ डकोटामधल्या होमस्टेक खाणीचा भाग आहे. दगड दळून त्यातून सायनाइडचं पातळ द्रावण फिरवतात, सोनं त्यात विरघळतं. मग ते पाणी गाळून, त्यातली हवा काढून जस्ताची पूड घालतात. सोनं काळपट चिखलासारखं होऊन वेगळं होतं आणि गाळणीच्या कापडावर अडकतं. इथवर जमलं. पण सोनं विरघळलेल्या पाण्याला ते लोक ‘प्रेग्नंट सोल्युशन’ म्हणतात, आणि सोनं काढून घेतल्यावर उरतं ते ‘बॅरन सोल्युशन’. पहिल्या खर्ड्यात मी ‘गर्भवती द्रावण’ लिहिलं. संपादकांनी समासात लिहून पाठवलं, ‘डोहाळजेवण कधी?’ ‘सुवर्णयुक्त’ लिहिलं तर अर्थ पोचतो, पण जोडीतली गंमत जाते. शब्द चाळीसेक वेळा आलाय, त्यामुळे आखूड हवा.

शुद्धलेखक
यात अडण्यासारखं काय आहे? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आयता शब्द पडलाय. हिरण्यगर्भ द्रावण आणि रिक्त द्रावण.

चहाटळ
चाळीस वेळा हिरण्यगर्भ? वाचकाला वाटेल कारखान्यात यज्ञ चाललाय.

खडूस
शिवाय हिरण्यगर्भ नावाचं एक महादान होतं. राजा सोन्याच्या पात्रात शिरायचा आणि नवा जन्म घेऊन बाहेर यायचा. म्हणजे तिथे सोनं बाहेर आणि राजा आत. इथे सोनंच आत आहे. समास उलटा पडतो.

शुद्धलेखक
बहुव्रीही करा की. हिरण्य आहे गर्भी ज्याच्या ते. शाळेत शिकवतात हे.

गोठ्यावरून
बहुव्रीही राहू द्या. गाभण पाणी आणि भाकड पाणी. झालं काम. दोन्ही तीन अक्षरी, आणि गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतात.

तळटीप
अहो, हे मस्त आहे! ‘भाकड’ माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी ‘वांझ’वर अडले होते आणि तो शब्द लिहायला हात धजत नव्हता.

सासुरवाशीण
नकोच तो. बाईला शिवी म्हणून वापरलेला शब्द पाण्याला तरी कशाला?

खडूस
पाण्याला वाईट वाटत नाही हो.

सासुरवाशीण
वाचणारीला वाटतं.

दूधवाला नव्हे
मुळात गाभणच्या उलट भाकड नाही. आमच्याकडे चार म्हशी होत्या, म्हणून सांगतो. भाकड म्हणजे दूध न देणारी. गाय व्यायच्या आधी दोनेक महिने आटवतात, तेव्हा ती भाकडही असते आणि गाभणही. तुमच्या लेखात एकच टाकी एकाच वेळी दोन्ही निघायची! भाकडच्या उलट दुभती. दुभतं पाणी आणि भाकड पाणी म्हणा.

गोठ्यावरून
दुभतं पाणी म्हटलं की मला पाणी घातलेलं दूध दिसतं.

निवृत्त रसायनी
मजा चालली आहे, पण एक गोष्ट राहून गेली. बॅरन पाणी फेकत नाहीत. पुन्हा थोडं सायनाइड आणि चुना घालून ते परत दगडाच्या पुडीवर सोडतात. (चुना न चुकता घालावा लागतो. पाण्याचा अल्कपणा कमी झाला तर विषारी वायू सुटतो.) म्हणजे ते पाणी पुन्हा सोनं घेतं, पुन्हा रिकामं होतं. या हिशेबाने ‘वांझ’ साफ चूक आणि ‘भाकड’ अगदी चपखल. भाकड जनावर कायमचं भाकड नसतं. दुसरं म्हणजे, ‘प्रेग्नंट’ ऐकून पाणी सोन्याने जड झालंय असं वाटेल, पण एका टनात सोनं असतं ते बहुधा काही ग्रॅम.

चहाटळ
म्हणजे पोट दिसतच नाही. पहिलाच महिना.

मूस
आमचं घराणं गलाईचं, विट्याकडचं. आजोबांनी आयुष्य तमिळनाडूत काढलं, सोनं-चांदी गाळण्यात. सायनाइड आणि जस्त आमच्याकडे नव्हतं, पण गोष्ट तीच. चांदी तेजाबात विरघळवायची आणि त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडायची. तांबं पाण्यात जातं आणि चांदी राखाडी भुसा होऊन खाली बसते. सगळी बसली का हे बघायला आजोबा थोडं पाणी वेगळं काढून त्यात मिठाची चिमूट टाकायचे. पांढरं ढग आलं की म्हणायचे, ‘पाण्यात माल आहे अजून.’ नाही आलं तर, ‘रिकामं झालं.’ गाभण नाही, हिरण्यगर्भ नाही. मालाचं पाणी आणि रिकामं पाणी. धंद्यातल्या माणसाला एवढंच लागतं.

तळटीप
मिठाची चिमूट! हे लेखात घालता येणार नाही याचं वाईट वाटतंय.

शुद्धलेखक
‘माल’ अरबी आहे.

मूस
आजोबांचं पोट त्याच अरबी शब्दावर भरलं.

खडूस
विषय निघालाच आहे तर जस्ताच्या ‘पुडी’बद्दल बोलू. पूड मिरचीची असते. धातूचं चूर्ण म्हणावं.

गोठ्यावरून
चूर्ण रात्री कोमट पाण्याबरोबर घेतात.

शुद्धलेखक
भस्म म्हणा. यशदभस्म हा शब्द वैद्यांकडे शतकानुशतके आहे.

निवृत्त रसायनी
नाही, नाही, नाही. भस्म म्हणजे जळून गेलेलं जस्त, जस्ताचा ऑक्साइड. ते सायनाइडच्या पाण्यात घातलंत तर सोनं जागचं हलणार नाही. जस्त धातूरूपात असेल तरच ते सोन्याला इलेक्ट्रॉन देऊन स्वतः पाण्यात उतरतं. कागदावर 1 ग्रॅम जस्त 6 ग्रॅम सोनं बाहेर काढू शकतं, प्रत्यक्षात जस्त याच्या कितीतरी पट जास्त लागतं. हवा काढायची तीही यासाठीच. पाण्यात प्राणवायू राहिला तर तो जस्त खातो आणि वेगळं झालेलं सोनं परत विरघळायला लागतं.
मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी ग्लासगोत 1887 मध्ये सायनाइडची रीत काढली. त्यानंतर कारखान्यांत बरीच वर्षं जस्ताचा कीस वापरत, पेट्यांत भरून. नारळाचा किसतो तसा कीस. नंतर होमस्टेकला मेरिलने कीस सोडून पूड आणली आणि पुढे क्रोने पोकळी करून हवा उपसायची युक्ती जोडली. म्हणून मेरिल-क्रो पद्धत. तेव्हा कीस आणि पूड हा फरक भाषांतरात टिकवा. चूर्ण लिहिलंत तरी चालेल, भस्म लिहिलंत तर कारखाना बुडेल.

चहाटळ
मेरिल-कावळे पद्धत. सोनं चोचीत धरून उडाले.

शुद्धलेखक
भस्माचं मान्य. पण शब्द म्हणून यशदच मूळ. त्याचंच जसद, जस्त झालं.

खडूस
उलटं असणार. लोक आधी जस्त म्हणत होते, मग पंडितांनी त्याला संस्कृत सोवळं नेसवून यशद केलं. ‘यश देणारं’ ही व्युत्पत्ती मागून चिकटवलेली वाटते. जुन्या रसग्रंथांत तर त्याच्या खनिजाला ‘रसक’ म्हणतात.

शुद्धलेखक
राजस्थानात जावरला मध्ययुगात जस्ताची वाफ करून धातू काढत होते. युरोप तेव्हा कुठे होता? शब्दही इथलाच.

खडूस
धातू इथला होता हे कोण नाकारतंय? प्रश्न शब्दाचा आहे. भट्टी जावरची असली म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही.

जोबर्गकर
मी जोहान्सबर्गला असतो. इथल्या सोन्याच्या धंद्यात आता जस्तापेक्षा कोळसा जास्त चालतो, म्हणजे सक्रिय कार्बन. चांदी भरपूर असली तर जस्त बरं पडतं, कारण कोळसा चांदीनेच भरून जातो. पण मुद्दा वेगळाच. इथे कोणी ‘प्रेग्नंट’ पूर्ण म्हणत नाही, नुसतं ‘प्रेग’. आणि काही दगडांतच नैसर्गिक कार्बन असतो, तो विरघळलेलं सोनं परत ओढून घेतो. त्याला ‘प्रेग-रॉबिंग’ म्हणतात. तळटीप ताई, हा शब्द तुमच्या लेखात येतो का? आला तर काय करणार?

तळटीप
येतो. दोनदा. मी आत्तापर्यंत त्याच्याकडे बघितलंच नव्हतं.

चहाटळ
गर्भचोर!

सासुरवाशीण
कृपा करा.

दूधवाला नव्हे
आम्ही ‘पान्हा चोरणे’ म्हणतो. म्हैस धार काढताना दूध वर ओढून धरते, त्याला. दुभतं पाणी घेतलं तर ‘पान्हाचोर दगड’ आपोआप जमतं.

गोठ्यावरून
पान्हा चोरते ती म्हैस स्वतःचाच चोरते. इथे दगड पाण्याचं चोरतोय. हे तर वासरू सुटून पिऊन गेल्यासारखं झालं.

दूधवाला नव्हे
वासराला चोर म्हणायचं?

मूस
सरळ ‘सोनंखाऊ दगड’ लिहा. आणि ताई, पुढे तो काळा चिखल वितळवतानाचा भाग आला तर टाकणखाराला ‘बोरॅक्स’ लिहू नका. सवागी लिहा.

तळटीप
बोरॅक्सच लिहिलंय. बदलते. बाकीच्या खर्ड्यात तूर्त दुभतं-भाकड घातलंय, संपादक काय म्हणतात बघू.

सासुरवाशीण
सवागी म्हणजे टाकणखारच का? आमच्या आजी सवागीची लाही करून मधातून बाळाच्या तोंडाला लावायच्या. आता डॉक्टर ओरडतात. तीच का सोनाराची?

मूस
तीच.

खडूस
लाही फुटते ती टाकणखाराची. सवागी वेगळी.

मूस
कोणी सांगितलं?