विहिरीतले सूर आणि स्प्रिंगबोर्ड

पंचगंगेत आणि विहिरींवर मुटके, सूर मारणारी आपली पोरं थोड्या सरावानं डायव्हर (उंचावरनं पाण्यात कसरतीच्या उड्या मारणारे खेळाडू) होतील, असं काहीजण म्हणतात; हा मुद्दा मला निम्माच पटला. धाडस आहेच, आणि वीरधवल खाडेसारखा ऑलिंपिक जलतरणपटू कोल्हापूरनं दिलाय. पण काठावरनं उडी मारणं आणि तीन मीटर उंचीवरच्या फळीवरनं, म्हणजे स्प्रिंगबोर्डवरनं, उडणं यात फार फरक आहे. ती फळी लवते. तिच्या खालचा टेकू पुढं-मागं करून प्रत्येक खेळाडू आपल्या वजनाप्रमाणं लवचिकता ठरवतो, आणि तिच्या झोक्याशी पावलं जुळली नाहीत तर कोलांटीला उंचीच मिळत नाही. म्हणूनच या खेळातली बरीच वर्षं पाण्याबाहेर, ट्रॅम्पोलिनवर (उसळी देणाऱ्या ताणलेल्या जाळीवर) आणि दोरीच्या पट्ट्यात लटकून जातात.

अमेरिकन डायव्हर ग्रेग लुगानिसचंच बघा. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये सोळाव्या वर्षी प्लॅटफॉर्मवर (न लवणाऱ्या उंच मंचावर) रौप्य, आणि १९८८ ला सोल ऑलिंपिकमध्ये तीन मीटर स्प्रिंगबोर्डच्या प्राथमिक फेरीत डोकं फळीवर आपटलं. टाके घालून तो पुन्हा त्याच फळीवर चढला आणि दुसऱ्या दिवशी सुवर्ण जिंकला! आपल्या पोरांना आधी ट्रॅम्पोलिन आणि जाणता प्रशिक्षक द्या, खोल तलावाची मागणी त्यासोबतच करूया.