झुकत्या जपानी मेपलची जात हरवलीय, कशी वाचवू?

एडिसनकर: न्यू जर्सीत एडिसनला घेतलेल्या घराच्या अंगणात जुना जपानी मेपल आहे. फांद्या पार जमिनीपर्यंत लोंबतात, पण पानं नेहमीच्या झुकत्या मेपलसारखी दोरे-दोरे चिरलेली नाहीत. साधी, सात बोटांची, हिरवी. आधीच्या मालकीणबाई म्हणाल्या, "हा आता मिळत नाही, ती नर्सरीच बंद झाली." लेबल नाही. यंदा एका बाजूच्या फांद्या वाळल्यात. ही जात कुठली? दुसरं रोप कुठे मिळेल?

पानगळ: चिरलेली पानं नाहीत म्हणजे डिसेक्टम, म्हणजे चिरलेल्या पानांच्या जातींचा गट, बाद. 'र्‍यूसेन' ही जात अशीच लोंबते, पण ती या शतकात बाजारात आली, तुमचं झाड जुनं. 'ओमुरायामा' बघा. पण फोटोवरून कुणी छातीठोक नाव सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एदोजवळच्या (आजचं टोकियो) सोमेईत इतो इहेई नावाचा माळी मेपलच्या जाती सचित्र छापत होता, म्हणजे नावांचा गुंता तेव्हापासूनचा. त्यात दुसर्‍या महायुद्धात जपानमधली कितीतरी जुनी झाडं सरपणात गेली आणि जातीही संपल्या.

खुंटावरचा: नाव राहू दे, आधी कलम करा. बी पेरून उपयोग नाही. हापूसची कोय लावून हापूस मिळतो का? फाटे लावले तरी मेपल नीट मुळं धरत नाही.

पण त्याआधी वाळकी फांदी आडवी कापून बघा. लाकडात काळपट-हिरवट रेषा असतील तर व्हर्टिसिलियमची शंका घ्या. ही मातीतली बुरशी, औषध नाही, आणि रोगट फांदीची काडी घेतली तर रोगही नव्या रोपात जाईल. तुमच्याच न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाची रोगनिदान प्रयोगशाळा नमुने तपासते, पाठवून द्या.

निरोगी बाजूच्या, गेल्या हंगामातल्या काड्या ऐन थंडीत, झाड झोपेत असताना घ्या. ओलसर कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. खुंट म्हणून, म्हणजे ज्यावर काडी बांधायची ते मुळांचं रोप म्हणून, साध्या हिरव्या जपानी मेपलचं पेन्सिलभर जाडीचं कुंडीतलं रोप घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत ते आत आणून जरा जागं झालं की व्हिनियर कलम, म्हणजे खुंटाच्या बाजूला काप देऊन त्यात काडी बसवायची, ते बांधा. एकच बांधून थांबू नका, काही मरणारच.

एडिसनकर: कलमाचा हात अजिबात नाही हो. आमच्याकडे कोकणात आजोबा करायचे.

खुंटावरचा: मग गुटी बांधा. जूनमध्ये निरोगी फांदीची साल अंगठीसारखी काढायची, ओलं शेवाळ, वर प्लास्टिक. फक्त मुळं भरपूर दिसेपर्यंत कापायची घाई नको, आणि पहिला हिवाळा रोप गारठ्यात उघडं ठेवू नका.

मुठाकाठी: पुण्यात जगेल का हे?

पानगळ: नाही. हिवाळ्याची झोप मिळत नाही, वर एप्रिलचं ऊन पानं करपवतं. गच्चीवर पैसे घालवू नका.

एडिसनकर, आणखी एक. बुंध्यावर जोडाचा फुगवटा शोधा. त्याखालून सरळ वर जाणारी फूट खुंटाची असते, तिची काडी चुकूनही घेऊ नका. आणि नव्या रोपाला मनाने जपानी नाव ठेवू नका. चिठ्ठीवर 'अनामिक, एडिसन' एवढंच लिहा.