साखर खरंच विष आहे का? घरात गुळावरून रण पेटलंय

वाचनमात्र_मी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

झालंय असं की गेल्या महिन्यात नवऱ्याच्या ऑफिसात हेल्थ चेकअप झालं, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ आणि एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट) ५.९. वय ४१, पोट सोडलं तर तसा बारीकच आहे. डॉक्टर म्हणाले प्री-डायबिटीस आहे, गोळी नको, वजन उतरवा, चाला, गोड कमी करा. दोन मिनिटांत बाहेर. घरी येतोय तोवर जाऊबाईंचा फोन, साखर म्हणजे पांढरं विष, आधी घरातून हाकल, आमच्याकडे दोन वर्षं झाली डबाच नाही साखरेचा. नुसतं सांगून थांबल्या नाहीत, चार किलो सेंद्रिय गूळ पाठवून दिला. तेव्हापासून चहा गुळाचा, शिरा गुळाचा, लिंबू सरबतसुद्धा गुळाचं (भयाण लागतं, हे आपलं माझं मत). साबांचं (सासूबाईंचं) म्हणणं, माझे वडील पंच्याऐंशीपर्यंत कपाला दोन चमचे घालून चहा पीत होते त्यांना काही झालं नाही आणि तुमचीच कसली नाटकं. त्यात परवा गुळाचा चहा फाटला, तेव्हापासून त्या रुसल्याच आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर तर विचारू नका. साखरेने कॅन्सर होतो, साखर पांढरी करायला जनावरांची हाडं वापरतात, मुलं साखर खाल्ली की उधळतात. मुलगी सात वर्षांची आहे म्हणून ते शेवटचं जरा जास्तच लागलं मनाला.

तर साखर खरंच एवढी वाईट असते का? गुळाने काही फरक पडतो का? आणि नवऱ्याने सोडायची म्हणजे नक्की काय काय सोडायचं?

मी_पामर

धागा शंभरी गाठणार. ताई तुमच्या तोंडात साखर पडो. सॉरी, गूळ.

परीक्षानळी

मी फूड टेस्टिंगच्या लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही, तेव्हा नवऱ्याचं औषधपाणी डॉक्टरांनाच विचारा, मी फक्त साखर म्हणजे काय ते सांगतो.

आपली डब्यातली साखर म्हणजे सुक्रोज, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज हातात हात घालून बसलेले. आतड्यात ते सुटे होतात आणि तिथून दोघांचे रस्ते वेगळे. ग्लुकोज रक्तात जातं, इन्सुलिन येतं, स्नायू मेंदू सगळे त्यातून आपापला वाटा उचलतात. फ्रुक्टोजचा मोठा भाग मात्र लिव्हरच निस्तरतं. थोडं असलं तर काहीच प्रॉब्लेम नाही, पण रोज ढिगाने आलं आणि वरून जेवणातल्या कॅलरीही जास्तच असल्या तर लिव्हर त्याची चरबी करून ठेवायला लागतं. तुमच्या नवऱ्याच्या सोनोग्राफीत जे दिसलं त्याचा एक रस्ता हा आहे. एकच रस्ता नाही हां, बसून काम, रात्रीचा भात, दारू, आईवडिलांकडून आलेलं, सगळंच त्यात असतं. साखर खाल्ली की डायबिटीस झाला असं सरळ गणित नसतं.

आता गूळ. गुळातही बहुतांश हेच सुक्रोज. शंभर ग्रॅम साखरेत ३९८ कॅलरी, गुळात ३८३. झाला फरक. लोह वगैरे असतं गुळात, नाही असं नाही, पण दिवसाला दोन खडे खाऊन त्यातून किती मिळणार, त्यापेक्षा मूठभर चवळी बरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जी मर्यादा सांगितली त्यात साखर, मध, काकवी, फळांचा काढलेला रस सगळं एकाच पोत्यात घातलंय. दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत, जमलं तर ५ टक्के. २००० कॅलरी खाणाऱ्याला म्हणजे ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम. अख्खं फळ त्यात धरत नाहीत, संत्रं सोलून खा खुशाल. तीन संत्र्यांचा रस गाळून घटाघट प्यायलात की मोजणी सुरू.

हाडांचं म्हणाल तर काही परदेशी रिफायनऱ्यांमध्ये हाडांचा कोळसा वापरतात हे खरंय. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत रस साफ करतात चुन्याने आणि गंधकाच्या धुराने. कॅन्सरचं काय, तर साखर थेट कॅन्सर करते असं म्हणता येत नाही, लठ्ठपणाने काही कॅन्सरचा धोका वाढतो एवढं नक्की.

एक विचारू का, महिन्याला घरात साखर किती किलो येते आणि माणसं किती? लोक चमचे मोजतात आणि त्यातही स्वतःला फसवतात, किराण्याची यादी खोटं बोलत नाही.

करवीरचा_गडी

गुळाचा विषय निघाला आणि कोल्हापूरकर गप्प बसला असं व्हायचं नाही. आमच्या चुलत्याचं गुऱ्हाळ होतं, लहानपणी सगळी सुट्टी तिथंच. रस काहिलीत पडला की खाली चुलवाणात चिपाडं सारत राहायची, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणायची, ती काढत बसायची, आणि गुळव्या जो असतोय तो पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी वळून बघणार, जमली की हाळी देणार आणि मग काहिल वाफ्यात ओतायची सगळ्यांनी मिळून. त्या वेळचा कोमट गूळ ज्यानं खाल्ला नाही त्यानं गुळाबद्दल बोलूच नये.

पण ताई खरं सांगतो, गिऱ्हाइकाला पाहिजे पिवळाधमक. नैसर्गिक गूळ काळपट तांबूस होतोय, त्याला भाव नाही. म्हणून हायड्रॉस पावडर घालतात, रंग उजळतोय. आणि दुसरी गोष्ट आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे, उसाचा दर चढला आणि साखर स्वस्त असली की काही जण सरळ साखरेची पोतीच काहिलीत ओततात. मी डोळ्यांनी बघितलंय, आमच्या नाही, शेजारच्या. म्हणजे माणूस साखर सोडली म्हणून ऐटीत गूळ घेतोय आणि खातोय साखरच, वर दर दीडपट! सेंद्रिय असं नुसतं पिशवीवर छापलं म्हणून भुलू नका.

चहा फाटायचं म्हणाल तर गूळ दुधाबरोबर उकळू नका. चहा पूर्ण झाला, गॅस बंद केला, मिनिटभर थांबला की मग गूळ. आणि दूध ताजं पाहिजे. सासूबाईंना सांगा कोल्हापूरनं माफी मागितलीय.

साखरमुक्त_८७

मी साखर पूर्ण सोडली, तीन महिन्यांत सहा किलो उतरले, चेहरा उजळला, दुपारची झोप गेली, गुडघे थांबले दुखायचे. विष आहे विष. ज्यांना पटत नाही त्यांनी एक महिना करून बघावं मग बोलावं, इथे सगळे आकडे फेकत बसतात.

मी_पामर

@साखरमुक्त_८७ अभिनंदन, खरंच. पण साखर सोडली म्हणजे काय काय सोडलंत?

साखरमुक्त_८७

चहातली साखर, बिस्किटं, खारी टोस्ट, केक, कोल्ड्रिंक, आइस्क्रीम, संध्याकाळचा वडापाव (पाव मैद्याचा म्हणून), फरसाण.

मी_पामर

फरसाणात कुठली आली साखर हो. वडापाव, खारी आणि फरसाण सोडलं तर माझेही सहा किलो उतरतील, मग साखरेचा शिरा खाईन तुमच्या नावाने.

दाढदुखी

दातांची डॉक्टर आहे, दिवसभर साखरेचे पराक्रम बघते, म्हणून दोन शब्द. बाकी शरीराचं काही असो, दातांच्या बाबतीत साखर निर्दोष सुटू शकत नाही. पण लोकांना वाटतं तसं फक्त किती खाल्ली यावर ते नसतं, किती वेळा खाल्ली हे जास्त महत्त्वाचं. गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि पुढची वीस-तीस मिनिटं दाताचं वरचं कवच झिजत असतं, मग लाळ हळूहळू ते सावरते. जेवणाबरोबर एक जिलबी खाल्ली तर असा एकच झटका. तेवढीच साखर चॉकलेट, टॉफी, गोळी, ज्यूस अशी दिवसभर चघळली तर दाताला सावरायला वेळच मिळत नाही. स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात यावर एका संस्थेतल्या मतिमंद रुग्णांवर प्रयोग झाले होते, चिकट टॉफ्या मधल्या वेळात देऊन, माणुसकीच्या दृष्टीने भयंकरच प्रकार, आज कोणी परवानगी देणार नाही, पण जेवणात मिळालेल्या साखरेपेक्षा मधल्या वेळच्या चिकट टॉफीने दात कितीतरी जास्त किडले हे त्यातून कळलं. आणि हो, गूळ दाताला साखरेपेक्षा जास्त चिकटतो. शेंगदाणा चिक्की देऊन "हेल्दी दिलं" म्हणणाऱ्या आया माझ्याकडे आठवड्याला एक तरी येते.

मुलं उधळण्याबद्दल. हा समज जगभर आहे आणि चाचण्यांमध्ये टिकलेला नाही, १९९५ मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र करून बघितल्या त्यातही वागण्यात फरक निघाला नव्हता. त्याच्या आधीच्या वर्षीचा एक प्रयोग तर मजेदार आहे, मुलांना साखर नसलेलंच पेय दिलं आणि काही आयांना खोटंच सांगितलं की साखर दिलीय, तर त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटायला लागली! वाढदिवसाला मुलं उधळतात ती वीस मुलं एका हॉलमध्ये कोंडल्यामुळे.

लेस्टरकर

इकडे इंग्लंडमध्ये असतो म्हणून ही माहिती टाकतोय. दुसऱ्या महायुद्धात इथे साखर रेशनवर होती आणि युद्ध संपलं तरी रेशन चालूच होतं, साखरेचं उठलं सप्टेंबर १९५३ मध्ये. उठल्यावर माणशी रोजचा खप ४० ग्रॅमवरून जवळपास दुप्पट झाला. तर २०२४ मध्ये संशोधकांनी रेशन उठायच्या थोडं आधी आणि थोडं नंतर जन्मलेल्या लोकांची तुलना केली, ही माणसं आता सत्तरीत आहेत. पोटात असताना आणि पहिली दोन वर्षं ज्यांच्या वाट्याला रेशनची साखर आली त्यांना टाइप टू डायबिटीसचा धोका साधारण ३५ टक्क्यांनी कमी आणि बीपीचा २० टक्क्यांनी कमी. मला हा अभ्यास पटतो कारण यात कोणी स्वतः ठरवून साखर सोडलेली नाही. एरवी काय होतं, साखर सोडणारा माणूस व्यायामही करतो, लवकरही झोपतो, मग श्रेय कुणाला द्यायचं तेच कळत नाही (वरच्या फरसाणवाल्या भावाची माफी मागून).

आणि मला वाटतं सगळ्यात वाईट साखर म्हणजे पिण्यातली. पोट भरल्याचं कळतच नाही. इथे २०१८ पासून जास्त साखरेच्या कोल्ड्रिंकवर कर आहे, कंपन्यांनी कर भरण्यापेक्षा मुकाट्याने साखर कमी केली. एका ३०० मिलीच्या साध्या कोल्याच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या वर साखर असते, तेवढी पेढ्यांमधून खायची म्हटली तर दोन-तीन पेढ्यांनंतर हात आपोआप थांबतो.

खवय्या_नंबर_एक

म्हणजे आता रसवंतीवरचा उसाचा रसही बंद का? घुंगरू वाजलं की पाय थांबतात हो माझे.

परीक्षानळी

@खवय्या बंद कशाला. पण ग्लासभर रसातही तीसेक ग्रॅम साखर असतेच, आलं-लिंबू पिळलं म्हणून ती कमी होत नाही. महिन्यातून दोनदा प्या, रोज दुपारी नको. आणि ते शुगर-फ्री गोळ्यांचं विचारणार असाल तर वजन उतरवण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नका असं त्याच जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंय. (ज्यांना डायबिटीस आधीच आहे त्यांची गोष्ट वेगळी.)

@वाचनमात्र_मी ताई, किराण्याची यादी सापडली का?

वाचनमात्र_मी

सापडली आणि सापडली नसती तर बरं असं झालंय. आम्ही चौघं. आधी महिन्याला पाच किलो साखर, म्हणजे माणशी रोज ४२ ग्रॅम, त्यात बिस्किटं, जॅम, सॉस काही धरलेलं नाही. आणि आता जाऊबाईंचा गूळ चार किलो महिन्यात संपला आणि वर साबांच्या चहासाठी म्हणून आणलेली साखर दोन किलो. म्हणजे सहा!! साखर सोडल्यापासून आमच्याकडे गोड वाढलंय. कारण कळलं, गूळ कमी गोड लागतो म्हणून मी दीडपट घालत होते आणि गूळच आहे म्हणून जेवणानंतर सगळेच एकेक खडा तोंडात टाकत होतो, मुलगीसुद्धा.

काल रात्री नवऱ्याला समोर बसवून दिवसाचं सगळं विचारलं. घरी दोन कप, ते ठीक. ऑफिसात मशीनचा चहा पाच कप. मी म्हटलं बिनसाखरेचा घेत असशील तर म्हणाला त्याला बटणच नाहीये, पावडरमध्येच असते. पाकिटाचा फोटो पाठवायला सांगितला तर घटकांमध्ये साखर पहिलीच. चहाबरोबर बिस्किटं, आणि माझ्या समजुतीसाठी म्हणून दुपारी ज्यूसचा टेट्रापॅक, "फळांचा आहे" म्हणून! शिवाय शनिवारच्या दोन बाटल्या बिअर त्याने डॉक्टरांना सांगितल्याच नव्हत्या. आता परत जाऊन सांगणार आहे, मी बरोबर जाणार आहे.

सध्या ठरलंय ते असं की ऑफिसला थर्मास, मशीन बंद, ज्यूस बंद, घरात साखर महिन्याला अडीच किलो एकदाच आणायची आणि संपली की संपली. काल थर्मास दिला तर संध्याकाळी तसाच भरलेला परत आला, म्हणे मीटिंगमध्ये होतो. बघू.

साबांच्या चहात दोनचे दीड चमचे केलेत, त्यांच्या देखत, लपवून नाही. प्यायल्या. म्हणाल्या, निदान फाटला तरी नाही.

जाऊबाईंना अजून काही सांगितलेलं नाही, गणपतीत येणार आहेत. मोदक गुळाचेच करणार आहे, करवीरचे दादा, तो काळपट गूळ पुण्यात कुठे मिळेल?